जिल्हा प्रशासनाला खुले पत्र: उत्तर देणाऱ्यांनाच ग्रुपमधून काढू नका

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी (जिल्हा परिषद) आणि मा. पोलीस अधीक्षक

स. न. वि. वि.

मी विदर्भातल्या एका गावात २००९ पासून आशा स्वयंसेविका आहे. दीड हजार वस्तीचं गाव आणि नाल्यापलीकडचा कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे पाडा, एवढं माझं क्षेत्र. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला त्या दिवसापासून मी त्यात आहे. गेल्या आठवड्यात आपलं परिपत्रक आमच्या तालुक्यात आलं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जे प्रकार झाले त्यांना आळा बसावा म्हणून ते काढलंय, असं त्यात लिहिलं आहे. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यात सांगितलंय की, गावच्या ग्रुपमध्ये खोटा मजकूर आला तर अ‍ॅडमिनवर गुन्हा दाखल होईल. आशा, अंगणवाडी सेविका, मदतनीस यांनी अशा ग्रुपमधून बाहेर पडावं आणि लेखी परवानगीशिवाय कोणत्याही मजकुरावर बोलू नये. आणि बाहेरून येणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांनी ठाण्यात नोंद करून तो कागद जवळ बाळगावा.

हे तिन्ही मला मान्य नाही. बंद पाकिटातून कळवता आलं असतं, पण ज्या ग्रुपांतून अफवा फिरली त्याच ग्रुपांत हे पत्रही वाचलं जावं असं मला वाटतं.

आधी त्या दिवसाचं सांगते.

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पहिलं डवरण चालू होतं. मंगळवार, दुपारची वेळ. केसांवर भांडी देणारी बाई गावात आली होती. पन्नाशीची असेल. सहा-सात वर्षांपासून आमच्या गल्ल्यांतून ती हाळी देत फिरते. आमच्याकडच्या बाया विंचरलेले केस गुंडाळून पन्नीत घालतात, कोनाड्यात ठेवतात आणि ती आली की वाटी, चमचा, झारा घेतात. त्या दिवशी एका रडणाऱ्या लेकराच्या हातात तिने बिस्कीट दिलं. कुणीतरी फोटो काढला. ग्रुपवर एक आवाजाची क्लिप सकाळपासून फिरतच होती, तिच्याखाली तो फोटो पडला. अर्ध्या तासात मारुतीच्या पारापाशी साठ-सत्तर माणसं जमली.

मी अंगणवाडीत लेकरांची वजनं घेत होते. धावत गेले तोवर तिच्या कानातून रक्त येत होतं, लुगडं फाटलं होतं. स्टीलच्या वाट्या नालीत लोळत होत्या. तिचं पोतं रस्त्यावर उलटं केलेलं, केसांचे पुंजके चिखलात पसरलेले, आणि एक माणूस काडीने ते केस उकरत होता. मला म्हणाला, "पाहा न आशाताई, लेकराइचे केस हायेत हे." ज्या बायांनी ते केस दिले होते त्या तिथेच उभ्या होत्या. त्यांतल्या एकीचे लांब पांढरे केस त्या चिखलात मला दिसत होते. काडीवाल्याला दिसत नव्हते. त्याची बायको बाळंत झाली तेव्हा रात्री दोन वाजता मी त्यांच्यासोबत गाडीत बसून गेले होते. वाईट माणूस नाही तो, साहेब.

मी ओरडून सांगितलं, ही बाई आपली ओळखीची आहे, माझ्या सासूने मागच्या वर्षी हिच्याकडून गंज (पातेलं) घेतला. कुणी ऐकेना. शेवटी एक सत्तरीची म्हातारी त्या बाईला खेटून चिखलात बसली आणि म्हणाली, "आधी मले मारा." तेव्हा हात थांबले. पोलीस पाटलांनी फोन लगेच केला होता. गाडी दीड तासाने आली.

ही बाई वाचली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना याच अफवेवरून मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. २०१२ मध्ये आपल्या नागपुरात कळमन्याकडे तीन बहुरूप्यांना जमावाने संशयावरून ठार केलं, तेव्हा गावोगाव व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. म्हणून सगळा दोष मोबाइलवर टाकणं मला पटत नाही.

आता त्या क्लिपबद्दल. एक माणूस धापा टाकत बोलतो, "भावांनो, आत्ताच दोन पोरं नेली, लेकरं सांभाळा." आमच्या ग्रुपवर ती आली तेव्हा खाली शेजारच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं. त्या गावात माझी मावसबहीण राहते. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "अवं, आमच्याकडं तर तुमच्या गावाचं नाव आलं!" दोन्ही गावं एकमेकांच्या काळजीने जागी होती. हे मी लगेच ग्रुपवर लिहिलं. तिचा आवाजही टाकला. दहा-बारा जणांनी वाचलं, दोघांनी आपल्या घरच्यांना पोरांना बाहेर सोडा म्हणून सांगितलं. थोडा उशीर झाला, नाहीतर उपयोग झाला असता. हेच काम आपण आता बंद करताय.

लोक असं खरं का मानतात, हे अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. त्या जमावात दोन पदवीधर होते, एक शिक्षक होता. मग कारण काय? मला जे कळलं ते मांडते.

जूनच्या मध्यावर आमच्या शेजारगावचा एक अकरा वर्षांचा मुलगा बाजारातून हरवला. त्याची आई माझ्यासमोर छाती पिटत होती. पोलीस आले, नाव-वर्णन लिहून घेतलं, गावभर विचारलं. दुसऱ्या दिवशी तो सापडला. बापाने मारलं म्हणून एसटीत बसून मामाकडे गेला होता. पोलिसांना कळलं, घरच्यांना कळलं. घरच्यांनी लाजेपायी वाच्यता केली नाही. आणि आजूबाजूच्या सात-आठ गावांत 'पोरगा हरवला' एवढंच उरलं. सापडल्याचं कुणी सांगितलंच नाही. पुढे महिनाभर त्या मुलाचा विषय हातपंपावर निघायचा, प्रत्येक वेळी नव्या तपशिलासह. क्लिप आली तेव्हा भीती घराघरांत आधीच येऊन बसली होती.

माझी मुलगी नागपूरला मानसशास्त्र शिकते. तिने मला गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकन अभ्यासकांचं म्हणणं वाचून दाखवलं, १९४७ चं. अफवेचा जोर दोन गोष्टींवर ठरतो, गोष्ट किती जिवाची आहे आणि तिच्याबद्दलची माहिती किती अंधूक आहे. आणि या दोन्हींचा गुणाकार होतो, असं ते म्हणतात. म्हणजे एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. लेकराचा जीव ही बाजू कुणी कमी करू शकत नाही, करूही नये. अंधूकपणा मात्र आपल्या हातात आहे. ठाण्यातून "मुलगा सुखरूप आहे" एवढं एक वाक्य आलं असतं तर तो अंधूकपणा त्याच दिवशी संपला असता.

तिनेच १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपाचं सांगितलं. जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञांनी त्या वेळच्या अफवा गोळा केल्या होत्या. जिथे धक्के जाणवले पण घरं पडली नव्हती, तिथेही याहून मोठी संकटं येणार अशा अफवा होत्या. लोकांना भ्या वाटत होतं आणि डोळ्यांसमोर तसं काही दिसत नव्हतं. ते भ्या खरं ठरवायला अफवा उपयोगी पडली, असा अर्थ पुढे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लावला. हे ऐकलं तेव्हा मला तो केस उकरणारा माणूस आठवला. भीती त्याच्या मनात आधीच होती. हातातल्या काडीने तो तिचं कारण शोधत होता.

दुसरं, गावात कुणी कुणाला फसवायला हे पुढे पाठवत नाही. घटनेनंतरच्या आरोग्य-पोषण दिवसाला मी बायांना एकेकीला विचारलं, तुला ते खरं वाटलं होतं का? बऱ्याच जणी म्हणाल्या, नाही वाटलं. मग पाठवलं कशाला? एकीने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते: "खरं नसंन तं काही जात नाही, पण खरं असलं अन् मी सांगतलं नसतं तं?" मायेपोटी पाठवलं तिने. 'अफवा पसरवणाऱ्यांची गय केली जाणार नाही' हे वाक्य तिला लागूच पडत नाही, कारण ती स्वतःला अफवा पसरवणारी समजत नाही. तिला आधीच कुणी "बाई, हे खरं वाटतं का तुला?" असं विचारलं असतं तर तिचं बोट थांबलं असतं. तसे प्रयोगही झालेत. पाठवण्याआधी माणसाचं लक्ष खरं-खोटं याकडे वळवलं की तो खोटं कमी पाठवतो. आपले गाडगेबाबा कीर्तनात दुसरं काय करत होते? प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढायचे.

तिसरं, पुन्हा पुन्हा ऐकण्याचं. ती क्लिप मला चार ग्रुपांवर मिळून सात वेळा आली. खोटी आहे हे मला पहिल्या फोनपासून माहीत होतं. तरी सातव्यांदा ऐकली तेव्हा मी उठून दाराची कडी लावली. ऐकलेलं पुन्हा ऐकलं की ते जास्त खरं वाटतं, हे १९७७ मध्येच प्रयोग करून दाखवलेलं आहे. २०१८ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे खऱ्याला मुळातच मागून धावावं लागतं. त्यात आपण त्याला परवानगीच्या रांगेत उभं करताय.

आणि विश्वास. सगळ्यात जास्त यावर लिहायचं आहे, कारण इथे माझी सोळा-सतरा वर्षं गेली आहेत.

नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम आली. नऊ महिने ते पंधरा वर्षांची सगळी मुलं. आम्हाला सांगितलं होतं, लस सुरक्षित आहे एवढंच बोला, तापाचं वगैरे बोलून लोकांना घाबरवू नका. पहिल्या दिवशी शाळेत लस दिली, रात्री तीन पोरांना ताप आला. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं शाळेत आली नाहीत आणि ग्रुपवर भलतंसलतं सुरू झालं. लसीने थोडा ताप येऊ शकतो, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही ते दडवलं, म्हणून लोकांना वाटलं की अजूनही काही दडवत असतील. ते चूक नव्हते.

२०२१ मध्ये कोरोनाची लस आली तेव्हा मी वरच्यांना न विचारता वेगळं केलं. पारावर सगळ्यांदेखत स्वतः लस घेतली आणि सांगितलं, "आज रात्री मले ताप येईन. अंग दुखन. उद्या मी कामाले नाही येणार. परवा पाहा मले." तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी वजनकाटा घेऊन फिरले तेव्हा लोक दारात येऊन बघत होते. पुरुषपण जातं, दोन वर्षांत माणूस मरतो, असं सगळं त्या दिवसांत फिरत होतं. पण तापाचं मी आधी सांगितलं आणि ते खरं निघालं, म्हणून पुढचंही माझं खरं मानलं. पोडावर तर पोस्टर वाचणारंच कुणी नव्हतं. माझा ताप तेवढा त्यांनी पाहिला.

साप चावल्यावरचंही असंच. लोक मांत्रिकाकडे का जातात? एक कारण सरळ आहे. चावणारे बरेचसे साप धामण, दिवड, तस्कर, कवड्या असे बिनविषारी असतात, त्यामुळे मंत्राने माणूस 'बरा' होतो आणि मांत्रिकाचं नाव होतं. दुसरं कारण आपल्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी एका शेतमजुराला रात्री झोपेत मण्यार चावला. मण्याराचा चावा दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोट दुखायला लागतं आणि पापण्या मिटतात. घरचे त्याला घेऊन आरोग्य केंद्रात गेले तर तिथे त्या रात्री सर्पदंशाची लस, म्हणजे विषावरचं इंजेक्शन, नव्हती. पुढे पाठवलं, वाटेत तो गेला. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालणारी एकच लस असते आणि ती वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो, हे मी घरोघर सांगितलं होतं. त्यानंतर मी कोणत्या तोंडाने सांगायचं? २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्र-गंडे करणं गुन्हा आहे. चांगला कायदा आहे. पण मांत्रिक रात्री दोन वाजता दार उघडतो, हेही खरं आहे.

आता आपल्या परिपत्रकाबद्दल.

अ‍ॅडमिनवर गुन्ह्याची धमकी कायद्याला धरून नाही असं मला वाटतं. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्याच एका प्रकरणात म्हटलं आहे. आणि या धमकीने झालं काय? आमचा अ‍ॅडमिन घाबरला. त्याने ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन'वर टाकला. दोन दिवसांत पोरांनी दुसरा ग्रुप काढला. त्यात सरपंच नाही, पोलीस पाटील नाही, मी नाही, शाळेचे सर नाहीत. तिथे आता काय चाललंय हे कुणालाच माहीत नाही.

आम्हाला बाहेर काढणं ही दुसरी चूक. मला लेखी परवानगी घ्यायला तालुक्याला जावं लागतं. गाडीभाडं साठ रुपये आणि अर्धा दिवस. त्या मंगळवारी माझ्याकडे अर्धा तास होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. मार त्या बाईने खाल्ला आणि कागद तिनेच दाखवायचा? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं, ठाण्यात हजेरी लावायला लावली होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला. आता ठाण्यातल्या नोंदीचा कागद मागायला लागलो तर उद्या ज्याच्याकडे कागद नाही त्याला मारायला गावाला कारणच मिळेल. जमाव काही कागद वाचत नाही, साहेब. मी तिथे होते.

माझ्या मागण्या लिहिते.

परिपत्रकातलं अ‍ॅडमिनचं, आमचं आणि फिरत्या विक्रेत्यांचं, ही तिन्ही कलमं मागे घ्या.

हरवलेलं मूल सापडलं की त्याच दिवशी, मुलाचं नाव न घेता, आसपासच्या सगळ्या गावांत कळवा. ग्रामपंचायतीचा भोंगा आहे, कोतवालाची दवंडी आहे. ठाणेदारांनी स्वतःच्या आवाजात एक मिनिटाचा निरोप पाठवला तरी चालेल, पण आमच्या बोलीत पाठवा. 'तथ्यहीन वृत्तावर विश्वास ठेवू नये' हे आमच्या बाया ऐकत नाहीत, कारण त्यांना ते कळत नाही.

जेव्हा आपल्यालाही पूर्ण माहिती नसते तेव्हा तेच सांगा. "तपास चालू आहे, संध्याकाळी सहाला पुन्हा सांगतो." आणि सहाला सांगा, काही नवीन नसलं तरी.

प्रत्येक गावात पाच-सहा जणांना खरं-खोटं तपासायला शिकवा. त्यात पोलीस पाटील, आशा, शिक्षक असोत, आणि दोन तरी कॉलेजातली पोरं असोत. मेसेजवर दोन बाण दिसले म्हणजे तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय, पाठवणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही, एवढं जरी घराघरांत कळलं तरी फरक पडेल. आमच्या क्लिपवर दोन बाण होते. कुणाला त्याचा अर्थ माहीत नव्हता, मलाही नव्हता.

लस, गोळ्या, फवारणी, जे काही गावात येईल त्याचा त्रास काय होऊ शकतो हे आधी सांगायची आम्हाला मोकळीक द्या. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर रोज पाटी लावा, सर्पदंशाची लस आज किती आहे. शून्य असेल तर शून्य लिहा आणि जवळ कुठे आहे ते लिहा.

आणि त्या बाईला भरपाई द्या. तिचा उपचार, तिची भांडी, बुडालेला धंदा. पंचनाम्यात भांड्यांचा उल्लेखच नाही. मी नालीतून गोळा केली त्यात अकरा वाट्या, चार झारे, एक परात आहे. माझ्याकडे पुसून ठेवली आहेत. ती परत आलेली नाही. आमच्या बायांचे केस कोनाड्यात साचतच आहेत.

मी ग्रुपमधून बाहेर पडलेली नाही. त्यासाठी जी कारवाई व्हायची ती होऊ द्या. १५ ऑगस्टला आमची ग्रामसभा आहे, तिथे मी हे पत्र वाचणार आहे. तोवर आपलं उत्तर आलं तर तेही वाचीन.

आपली,
एक आशा स्वयंसेविका